जपानी बागेच्या आधी माळ्याचं पद मंजूर करा : महाराष्ट्रातील कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

सप्रेम नमस्कार.

मी उद्यानरचनेचं काम करते. शैक्षणिक संस्थांच्या आवारात झाडं कुठे लावायची, वाटा कशा न्यायच्या, पाणी कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं, याचे आराखडे काढणं हा माझा व्यवसाय. अलीकडे संस्थांकडून ‘आम्हाला आवारात जपानी बाग करायची आहे’ अशी विचारणा बरेचदा होते. ही विचारणा ऐकून मला मनापासून बरं वाटतं. विद्यार्थ्यांना परीक्षेच्या आधी अर्धा तास गप्प बसता येईल, अशी जागा आपल्या आवारांत फार कमी उरली आहे. वाहनतळ वाढले, पेव्हर ब्लॉक आले, इमारतींना मजले चढले. अशा वेळी एखादं विद्यापीठ दीड-दोन एकर जमीन बागेसाठी राखून ठेवायला तयार होत असेल, तर त्याला विरोध कोण करेल?

काळजी वाटते ती काम ज्या क्रमाने होतं त्याची. आधी जागा ठरते. मग पाहुणे आणि उद्घाटनाची तारीख ठरते. तारखेवरून ठेकेदाराची मुदत ठरते. आणि बाग रोज सांभाळणार कोण, हा विषय कुठल्या तरी बैठकीत ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयां’मध्ये जातो. हा क्रम उलटा करा, एवढी एकच विनंती करायला मी हे पत्र लिहिते आहे. माळ्याचं पद आधी, पाणी त्याच्यानंतर, दगड आणि झाडं त्याच्याही नंतर.

एका आवारातली गोष्ट सांगते, नाव घेत नाही. मूल्यांकन समिती यायची होती, म्हणून तीन महिन्यांत जपानी बाग उभी राहिली. लाल रंगाचा लाकडी पूल, सिमेंटचं तळं, फायबरचे दिवे, कडेने पिवळ्या डुरांटाचं कुंपण. समिती आली, फोटो निघाले, अहवालात चार ओळी आल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी तिथे गेले. तळं काळ्या मातीवर थेट बांधलेलं होतं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तळाला हात जाईल एवढी भेग पडली होती. पाणी टिकत नाही म्हणून पंप बंद, आणि पावसाळ्यात जे साचतं त्यात डासांच्या अळ्या. पुलाच्या फळ्या निघाल्या होत्या. देखभालीचा ठेका दर वर्षी सर्वांत कमी दराच्या निविदेला जायचा, त्यामुळे दर वर्षी नवी माणसं यायची. त्या वर्षी आलेला मुलगा अतिशय कष्टाळू होता. पण त्याच्या हातात ब्रश कटर दिलेलं आणि सगळं ‘लेव्हलमध्ये’ कापायचं, एवढीच सूचना. ज्या झुडपाला ढगासारखा आकार येण्यासाठी दहा वर्षं लागतात, ते त्याने दहा मिनिटांत सपाट केलं होतं. त्या मुलाला दोष देणं अन्यायाचं होईल. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी अकरा महिन्यांनी तो जाणारच होता.

विद्यापीठाच्या आवारातली जपानी बाग नीट झाली तर कशी होते, हे पाहायचं असेल तर कॅनडात व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जावं. तिथली नितोबे स्मृती उद्यान ही जागा जेमतेम एक हेक्टरची आहे. ज्यांच्या नावाने ती आहे ते इनाझो नितोबे १८६२ साली मोरिओकाला जन्मले आणि सापोरोच्या कृषी महाविद्यालयात शिकले. आपल्या कृषी विद्यापीठांच्या कुलगुरूंनी हे विशेष लक्षात घ्यावं : ज्यांच्या नावाने ही बाग ओळखली जाते, ते मुळात शेतीशास्त्राचे विद्यार्थी आणि प्राध्यापक होते. पुढे ते टोकियोच्या ख्रिस्ती महिला विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९२० पासून काही वर्षं राष्ट्रसंघाचे उपमहासचिव होते. प्रशांत महासागराच्या दोन काठांमधला पूल व्हावं, ही त्यांची तरुणपणापासूनची इच्छा. १९३३ साली ते बॅन्फच्या परिषदेसाठी कॅनडात आले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरिया शहरात वारले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी दीप आजही त्या बागेत आहे.

नितोबे गेले आणि दहा वर्षांच्या आत त्याच किनाऱ्यावर काय घडलं, तेही सांगायला हवं, कारण त्याशिवाय त्या बागेचं मोल कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई सुरू झाली आणि १९४२ साली कॅनडा सरकारने जपानी वंशाच्या सुमारे बावीस हजार लोकांना किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या पलीकडे हलवलं. त्यांची घरं, दुकानं, मासेमारीच्या होड्या जप्त करून विकल्या. किनाऱ्यावर परतण्याची मुभा मिळाली ती १९४९ साली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या ७६ जपानी-कॅनेडियन विद्यार्थ्यांनाही वर्ग सोडून जावं लागलं. विद्यापीठाने त्यांना सन्मानाने पदव्या दिल्या, पण त्यासाठी २०१२ साल उजाडलं. अनेक जण तोवर हयात नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९५९-६० मध्ये ती बाग झाली. जपानमधून चिबा विद्यापीठाचे प्राध्यापक कन्नोसुके मोरी आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हाताने काम करणाऱ्यांत जपानी-कॅनेडियन माळी होते. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्यांना त्या शहरात पाऊल ठेवायची बंदी होती, त्या समाजाची माणसं विद्यापीठाच्या जमिनीत दगड बसवत होती. मोरींनी तिथलं जंगल साफ करून सपाट मैदान केलं नाही. किनाऱ्यावरचे उंच सूचिपर्णी वृक्ष त्यांनी जागच्या जागी ठेवले आणि जपानी मेपल, चेरी, आयरिस त्यांच्या सावलीच्या हिशेबाने लावले. मधोमध तळं, तळ्याभोवती फिरणारी वाट, एका बाजूला चहागृह आणि त्याची स्वतंत्र छोटी बाग. वाट अशी वळते की संपूर्ण तळं एका नजरेत येत नाही. थोडं चालावं लागतं, मग पुढचा भाग उघडतो.

मी ती बाग पाहिली तेव्हा एक कर्मचारी तीन पायांच्या शिडीवर चढून एका पाइनच्या झाडात काम करत होती. तीन पायांची शिडी उताराच्या जमिनीवर डुगडुगत नाही, म्हणून जपानी माळी तीच वापरतात. तिच्या हातात कात्री नव्हती. ती फांदीच्या टोकाची जुनी, पिकलेली सुयांसारखी पानं बोटांनी उपटत होती, नवी तेवढी ठेवत होती. एक फांदी झाली की खाली उतरायची, चार पावलं मागे जाऊन पूर्ण झाड बघायची आणि पुन्हा वर. या झाडांना वर्षातून दोनदा हात लावतात. वसंतात नवे कोंब चिमटीने अर्धे मोडायचे, म्हणजे फांदी लांबत नाही, दाट होते. शरदानंतर जुनी पानं काढायची, म्हणजे आतपर्यंत ऊन पोचतं. हे काम यंत्राने होत नाही आणि घाईने तर अजिबात होत नाही. ते करणाऱ्याला गेल्या वर्षी हे झाड कसं होतं हे आठवावं लागतं.

त्या बागेचं सगळं सुरळीतच झालं असंही नाही. तीसेक वर्षांत झाडं वाढली, मूळ रचनेशी न जुळणाऱ्या गोष्टी शिरल्या आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठं पुनरुज्जीवन करावं लागलं. ते योकोहामाच्या केन्को-जी मंदिराचे धर्मगुरू आणि उद्यानरचनाकार शुनम्यो मासुनो यांच्या मार्गदर्शनाने झालं. म्हणजे जगातल्या उत्तम म्हणवल्या जाणाऱ्या विद्यापीठीय बागेलासुद्धा एका पिढीनंतर पुन्हा मूळ आराखडा उघडून बसावं लागलं. विद्यापीठाने त्यासाठी माणसं आणि पैसे उभे केले, म्हणून ती आज आहे.

उलट उदाहरणही आहे आणि तेही नामवंत विद्यापीठाचं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला १९६० च्या दशकात आवारापासून जवळच, बेल एअरच्या टेकडीवर, एक सुंदर जपानी बाग देणगीत मिळाली. ती नागाओ साकुराई यांनी रचलेली होती. १९६९ च्या अतिवृष्टीत टेकडी घसरून तिचं बरंच नुकसान झालं, तेव्हा कोइची कावाना यांच्याकडून विद्यापीठाने ती पुन्हा उभी केली. देणगीदार कार्टर कुटुंबाला बाग कायम जपण्याचं वचन दिलेलं होतं. तरीही २०११ मध्ये विद्यापीठाने ती विकायचं जाहीर केलं. कारण देखभालीचा खर्च. कार्टर कुटुंबातली मुलं कोर्टात गेली, उद्यानप्रेमींनी आवाज उठवला, २०१५ मध्ये तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी बाग खासगी मालकाला विकली गेली, ती निदान तीस वर्षं जपण्याच्या अटीवर. एवढ्या श्रीमंत देशातल्या एवढ्या मोठ्या विद्यापीठाला जे जड गेलं, ते आपल्याला वार्षिक निविदेवर पेलेल, असं मानणं धोक्याचं आहे.

म्हणून पैशाबद्दल स्पष्ट बोलते. बाग बांधायला जेवढी रक्कम मंजूर कराल, निदान तेवढीच रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवा आणि तिच्या व्याजातूनच देखभाल करा. देणगीदार कोनशिलेसाठी पैसे देतात, माळ्याच्या पगारासाठी देत नाहीत, हा अनुभव मलाही आहे. तरी देणगीदाराला ही अट पहिल्याच भेटीत सांगा. अट मान्य नसेल, तर बाग लहान करा. लंडनच्या सोआस या आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाच्या संस्थेने तर गच्चीवर जपानी बाग केली आहे, २००१ साली. खडी, दगड, थोडी हिरवळ आणि क्षमाभावाला अर्पण केलेलं एक दगडी पात्र, एवढंच. मुलं तिथे डबा खातात, पुस्तक वाचतात. दोन एकरांचा हट्ट कशाला हवा?

आता आपल्या मातीबद्दल. जपानी बाग म्हणजे जपानी झाडं, ही समजूत आधी सोडावी लागेल. चेरी अकोल्यात फुलणार नाही आणि परभणीच्या मे महिन्यात जपानी मेपल होरपळून जाईल. मोरींनी व्हँकुव्हरचं जंगल जसं वापरलं, तसं आपण सह्याद्री आणि दख्खन वापरायला हवं. आपल्याकडे दगडाची काय कमी आहे? ओढ्याकाठचा, पाण्याने गुळगुळीत झालेला काळा बेसॉल्ट मुंबई-पुण्याच्या शोरूममधल्या पॉलिश केलेल्या दगडापेक्षा शंभर पटींनी देखणा असतो. दापोलीला असाल तर जांभा घ्या, पावसाळ्यात त्याच्या छिद्राछिद्रांतून शेवाळ आणि नेचे आपोआप येतात. दगड बसवताना त्याचा तिसरा हिस्सा तरी जमिनीत जाऊ द्या. नुसता वर ठेवलेला दगड कायम परका दिसतो.

फुलांचंही तसंच. फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर पेटलेला पांगारा, एप्रिल-मेमधला बहावा आणि आपल्या राज्याचं फूल असलेला तामण, हे तळ्याच्या काठी एकेकटे उभे केले तर चेरीची आठवणही येणार नाही. कुंती छाटून तिला हवा तो गोलावा देता येतो. बांबू तर आपलाच आहे. जूनच्या पहिल्या सरींनंतर सह्याद्रीत फणा काढून उगवणाऱ्या सापकांद्याच्या जातीचे भाईबंद जपानच्या जंगलांतही मोठ्या संख्येने आहेत. तो एका कोपऱ्यात लावला, तर वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दोन देशांमधलं नातं पुस्तकाशिवाय दिसेल. मात्र तो घाटातून उपटून आणू नका. शेवाळही नाही. जंगलाची चोरी करून सजवलेली बाग विद्यापीठाला शोभत नाही. रोपवाटिकेत वाढवा, दोन वर्षं लागतील, लागू द्या.

पाणी नसेल तर तळं करूच नका. मराठवाड्यात टँकरच्या पाण्यावर कोई मासे पोसणं मला पाप वाटतं. तिथे खडी आणि दगडांची कोरडी बाग करता येते, जपानमध्ये तिची फार जुनी परंपरा आहे. पण तिला देखभाल लागत नाही, असं जर कोणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. फाल्गुनातली पानगळ रोज वेचावी लागते, पावसाळ्यात खडीतून काँग्रेस गवत वर येतं, आणि खडीवरच्या रेघा रोज कोणीतरी ओढाव्या लागतात. जिथे तळं करण्याइतकं स्वतःचं पाणी आहे, तिथे ते खोल करा. विदर्भाच्या उन्हात उथळ पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. आणि गप्पी मासे सोडायला विसरू नका, डेंग्यूची साथ बागेतून वसतिगृहात जायला वेळ लागत नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्याला पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या प्रेरणेने केलेलं, दहा एकरांचं. पुण्याबाहेरच्या विद्यापीठांनीही आपले अभियंते आणि माळी तिथे आठवडाभर पाठवावेत. पूल आणि दिवे बघायला नको, हिरवळीचे चढउतार आणि पाण्याची वळणं बघायला. आणि तिथे काम करणाऱ्यांशी बोलायला.

आता पदांबद्दल. किमान दोन माळी, कायमस्वरूपी, विद्यापीठाच्या आस्थापनेवर. एक अनुभवी आणि एक तरुण, म्हणजे एक निवृत्त होण्याआधी दुसरा तयार होईल. त्यांना प्रशिक्षणाला पाठवा, जमलं तर जपानला पाठवा. प्राध्यापक परिषदांना परदेशी जातात, मग माळ्याने का जाऊ नये? त्यांच्या हाताखाली ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं द्या. आज ही मुलं बहुतेक ठिकाणी झाडलोट करतात आणि फायली उचलतात. छाटणीची कला शिकलेला मुलगा पदवीबरोबर हातात एक चांगला व्यवसाय घेऊन बाहेर पडेल. बागेच्या कामाची नोंदवही ठेवा : कुठल्या झाडाची कुठली फांदी कधी काढली आणि का. नवा माणूस आला तर तो शून्यापासून सुरुवात करणार नाही.

आणि बाग कोणाच्या स्मरणार्थ, हेही आधीच ठरवा. नितोबे बागेला एक माणूस आहे, एक दुखरा इतिहास आहे, म्हणून तिथले लोक तिला टाकत नाहीत. महाराष्ट्राचं जपानशी असलेलं नातं काही कमी नाही. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या ‘जपान महिला विद्यापीठा’ची (नितोबेंच्या नव्हे, दुसऱ्या) पुस्तिका पडली, १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून त्यांनी भारतातल्या महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. ज्या महिला विद्यापीठात आपल्या कित्येक आया-आज्या शिकल्या, त्याची ठिणगी जपानहून आली. या ऋणाची एक बाग व्हायला नको का? कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. जपानच्या एका विद्यापीठाने बाबासाहेबांना जागा दिली, आपल्या एखाद्या विद्यापीठाने त्याला बागेने उत्तर दिलं, तर ते फार योग्य होईल. अशी बाग कोणी सहजासहजी विकायला किंवा तिच्यावर वाहनतळ करायला काढणार नाही.

व्यवस्थापन परिषदेच्या येत्या बैठकीत ‘जपानी उद्यान उभारणे’ असा विषय असेल, तर त्याच्या आधीचा विषय म्हणून माळ्यांची दोन पदं आणि देखभालीची ठेव घ्या. तो ठराव मंजूर झाला, की आराखडा तपासून द्यायला मी मोबदला न घेता यायला तयार आहे. मात्र जागा दाखवायला मला जुलैत बोलवा. कुठून पाणी येतं, कुठे साचतं आणि कुठला दगड मुळातच तिथे आहे, हे मार्चच्या पाहणीत कळत नाही.

आपली विश्वासू,
एक उद्यानरचनाकार, पुणे